आय-एटमध्ये एकशे एकतीस

३ मार्च २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. नोंद राहिली पाहिजे. पुढं कुणी विचारलं की निकम साहेब, एक्कावन्नाव्या वर्षी तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये कसे शिरलात, तर तारीखवार सांगता येईल.

घटना अशी. सकाळी विश्वजीत यांनी केबिनमध्ये बोलावलं. हे आमचे प्लांट हेड, वय चौतीस. आमची कंपनी वाळूजला विहिरीवरच्या मोटरींचे स्टार्टर बनवते. स्टार्टरबरोबर जी माहितीपुस्तिका येते ती तेवीस वर्षं मी लिहितो. 'सदर उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये' हे वाक्य माझं आहे. विश्वजीत म्हणाले, पुस्तिका आता पुण्याहून तयार होऊन येतील, तुमचा विभाग ३० एप्रिलला बंद. मात्र नव्या स्मार्ट स्टार्टरच्या प्रोग्रॅमिंगला एक माणूस लागणार आहे. भाषा रस्ट. एप्रिलअखेर परीक्षा. जमलं तर तिकडं घेऊ, नाहीतर बघू.

'बघू' म्हणताना ते हसले. म्हणजे विश्वास आहे.

संकल्प: रस्ट पंधरा दिवसांत पूर्ण. पहाटे पाचला उठणं. साखरही बंद. तिचा रस्टशी संबंध नाही, पण सुरुवात सगळीकडून व्हावी.

४ मार्च
पाचला उठलो नाही. गजर हिनं बंद केला असावा. ती नाही म्हणते.

पहिला धडा गाळला, त्यात नुसती ओळख असते. थेट व्हेरिएबल्स. व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेली जागा, तिच्यात किंमत ठेवायची. एवढंच आहे. लोक उगाच घाबरतात. मी एक्समध्ये पाच ठेवले. मग त्यातच सहा ठेवायला गेलो तर लाल अक्षरांत एरर. एकदा ठेवलेली किंमत बदलता येत नाही म्हणे. मग त्याला व्हेरिएबल का म्हणायचं? व्हेरी म्हणजे बदलणं, हे मी आठवीत शिकलोय. धड्यात चूक आहे. लिहिणाऱ्यांना मेल करणार.

६ मार्च
मेल केला नाही ते बरं झालं. पुढं 'म्यूट' असं लिहिलं की किंमत बदलता येते. हे महेजबीननं सांगितलं.

महेजबीन ही प्रोग्रॅमिंग विभागातली ट्रेनी. चोवीस वर्षांची. शहागंजला वडिलांचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वर्षभराच्या करारावर आहे, जूनमध्ये कायम करतात की नाही ते ठरेल. स्मार्ट स्टार्टरचा सगळा प्रोग्रॅम सध्या तिनंच लिहिलाय. लहान असल्यानं तिला त्याचं काही वाटत नाही.

७ मार्च
तिचे रोजे चालू आहेत. त्यामुळं जेवणाची सुट्टी तिला मोकळीच असते. तो वेळ वाया जाऊ नये म्हणून रोज पाऊण तास मला शिकवायची संधी तिला द्यायची असं ठरवलं. शिकवल्यानं शिकवणाऱ्याचं पक्कं होतं. ती लगेच हो म्हणाली.

१० मार्च
इंटिजर झाले. इंटिजर म्हणजे पूर्णांक. त्यांचे प्रकार: आय-एट, आय-सिक्स्टीन, आय-थर्टीटू आणि पुढं बरेच. प्रत्येक प्रकार म्हणजे एका मापाचा डबा. आय-एट सगळ्यात लहान. त्यात उणे एकशे अठ्ठावीसपासून एकशे सत्तावीसपर्यंतचे आकडे बसतात. त्यापुढचं बसत नाही.

डब्याचं उदाहरण तिनं माझ्याच डब्यावरून दिलं. म्हणाली, "सर, यात चार थालीपीठं बसतात. पाचवं घातलं तर झाकण लागत नाही, तसं आपलं लिहिणं तपासणारा कंपायलर तुम्हाला अडवतो. पण तुम्ही 'ॲज' असं लिहिलं की तो अडवत नाही. निमूट कापून बसवतो. मग आत काय उरलं ते तो सांगत नाही. एकशे अठ्ठावीस घालाल अन् उणे एकशे अठ्ठावीस निघेल. ॲज जपून वापरा, सर."

उदाहरण खाण्याचं निवडलं यावरून तिचं लक्ष डब्याकडं जात होतं हे उघड आहे. उपासात मन ताब्यात पाहिजे. मी तसं बोललो नाही. मोठेपणा.

घरी हे सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, ती पोरगी पाण्याचा घोटसुद्धा न घेता तुमच्यासमोर बसती, अन् तुम्ही तिच्यापुढं थालीपीठ खाता व्हय?" मी म्हटलं, लोणी नव्हतं.

१४ मार्च
धुळवड. डोळ्यात रंग गेला. स्क्रीन बघणं योग्य नाही.

१५ मार्च
डोळा.

१८ मार्च
आज दोन प्रकार झाले आणि डोकं तापलं. पहिला बूल. यात फक्त खरं किंवा खोटं एवढंच ठेवायचं. त्यासाठी मेमरीतला अख्खा बाइट. बाइटमध्ये आठ बिट असतात. एक कामाला, सात बसून. दुसरा कॅरेक्टर, म्हणजे एक अक्षर. त्याला चार बाइट. नुसत्या 'क'ला चार.

मी वीस पानांची पुस्तिका बारा पानांवर आणलेला माणूस आहे. मला उधळपट्टी बघवत नाही. महेजबीनला विचारलं, तुमच्या प्रोग्रॅममध्ये अशी उधळपट्टी किती आहे? ती म्हणाली, सर, आपल्या चिपमध्ये जागा भरपूर आहे.

हीच ती वृत्ती.

२३ मार्च, रविवार
श्रेया इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं सकाळी चहा पिताना सहज विचारलं, बाबा, साडेतीन ठेवायचे असतील तर कुठला प्रकार? मी म्हटलं, मोठा. तिला इतकं हसू आलं की कप खाली ठेवावा लागला. अपूर्णांकाचा प्रकार वेगळा असतो म्हणे, त्याला फ्लोट म्हणतात. मला माहीत होतं, नाव आठवलं नाही. मग म्हणाली, तुम्ही तीन आठवडे एकाच धड्यावर आहात.

मी म्हटलं, याला पाया म्हणतात. हल्लीच्या मुलांना पाया नाही.

२ एप्रिल
ईद झाली. महेजबीननं आईच्या हातचा शीरखुर्मा सगळ्यांना आणला. मला वेगळा डबा. खाल्ला. वेलदोडा कमी वाटला, तसं तिला सांगितलं. प्रामाणिक प्रतिक्रिया हल्ली कोण देतं? साखरेचा संकल्प सणासाठी शिथिल.

७ एप्रिल
माझ्यावर पहिली जबाबदारी. स्टार्टरच्या स्क्रीनवर येणारे इंग्रजी संदेश मराठीत करायचे. महेजबीन तीन दिवस पुण्याला ट्रेनिंगला गेली. जाताना मला प्रोग्रॅम उघडून दिला. म्हणाली, "सर, फक्त ही संदेशांची फाइल. बाकीच्याला हात लावू नका. मी गुरुवारी आले की दोघं मिळून बघू."

आवाजात विनंती होती, पण शब्द हुकमाचे होते. लक्षात ठेवलं.

८ एप्रिल, दु. १२.४०
संदेश अकरापर्यंत संपवले. 'मोटर गरम झाली आहे. कृपया धीर धरावा.' हा सगळ्यात चांगला झाला.

वेळ उरला म्हणून बाजूची फाइल उघडली. पाहतो तर तापमान आय-सिक्स्टीनमध्ये. आय-सिक्स्टीन म्हणजे बत्तीस हजार सातशे सदुसष्ट अंशांपर्यंत. सूर्यसुद्धा इतका तापत नसावा. आपल्याकडं मेमध्ये फार तर पंचेचाळीस. आय-एटमध्ये एकशे सत्तावीस बसतात, म्हणजे ब्याऐंशी अंश वर शिल्लक. मी ते आय-एट केलं.

लाल ओळ आली. कंपायलरनं काहीतरी लांबलचक लिहायला सुचवलं. मी 'ॲज' लिहिलं. दोन अक्षरांत काम. लाल ओळ गेली. खाली एका ठिकाणी हे तापमान एकशे तीस या आकड्याशी ताडून बघत होते, तिथं परत लाल. तिथं मात्र त्यानं सुचवलं तसं केलं. एकशे तीस कशाचे ते पाहिलं नाही, माझ्या कामाचा भाग नव्हता.

बचत: एक बाइट. बदल सेव्ह करताना कारण विचारतात. तिथं लिहिलं, 'मेमरीत बचत. ए. जी. निकम.'

महिनाभरात मी तिच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करतोय. पंधरा दिवस म्हटलं होतं, पण ठीक.

१० एप्रिल
महेजबीन आली. बाकी कशाला हात लावला नाही ना, असं विचारलं. मी म्हटलं, संदेश झालेत. हे खरंच आहे.

विश्वजीतना एक स्टार्टर शेतावर लावून बघायचा होता. मी माझ्या सासऱ्यांची विहीर सुचवली. तात्यासाहेब, गंगापूरजवळ, चार एकर मोसंबी. विश्वजीत खूश. महेजबीन म्हणाली, मला एक दिवस द्या, नवीन प्रोग्रॅम तपासून देते. मी म्हटलं, तात्यासाहेबांना शब्द दिलाय. विश्वजीतनी माझी बाजू घेतली आणि तिला दुसऱ्या कामाला बसवलं. स्टार्टरमध्ये प्रोग्रॅम मी स्वतःच्या हातानं भरला.

१२ एप्रिल, गंगापूर
स्टार्टर बसवला. तात्यासाहेबांनी सगळं पाहून एकच विचारलं. "जावईबापू, मोबाईलवर चालू-बंद व्हतंय ते ठीक. पण मोटर आतून तापली तर आपोआप बंद व्हती का? मागं दोनदा जळाली."

"अर्थात," मी म्हटलं.

"मग ते जुनं संरक्षण काढू का? त्याला लई दिवस झाले."

मी काढायला सांगितलं. स्वतःच्या कामावर विश्वास नको?

मोसंबीची पिशवी दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला दारापर्यंत सोडलं.

२२ एप्रिल
तात्यासाहेबांचा फोन. दुपारी स्क्रीनवर उणे एकशे वीस दिसतंय, हे काय? मी म्हटलं, मोटर थंड चाललीय. ते म्हणाले, लई भारी.

२४ एप्रिल
मोटर जळाली.

फोन मला नाही, हिला आला. ही स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती आणि माझ्याकडं बघत होती. गंगापूरला मोटरीच्या तारा नव्यानं भरून द्यायला दहा दिवस लागतील. तोवर बागेला पाणी नाही, फळ गळणार. तात्यासाहेबांचा निरोप असा: तुझ्या नवऱ्याला सांग, डबा काढून न्यावा, नाहीतर विहिरीत टाकतो.

विजेचा दाब कमीजास्त झाला असणार. ग्रामीण भागात होतं.

२५ एप्रिल
मिटिंग. विश्वजीत, मी, महेजबीन. तिनं सांगितलं ते असं. एकशे तीस ही मोटरीच्या आतल्या तारांची हद्द आहे. त्याच्या वर गेलं की स्टार्टरनं मोटर बंद करायची. ती झाली नाही.

तर ते एकशे तीस तारांचे होते. हवेचे नव्हते. कुठं तरी लिहून ठेवायला पाहिजे होतं.

विश्वजीतनी विचारलं, तापमानाचा भाग कुणी लिहिलाय? मी खरं ते सांगितलं, महेजबीननं. मला विचारलं, तुम्ही काही बदललं का? मी म्हटलं, मी संदेश मराठीत केले. हेही खरं.

तिचा लॅपटॉप उघडा होता. तिनं त्यात काहीतरी पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"सर, एकशे एकतीस आय-एटमध्ये बसतं का?"

"बसवलं की बसतं," मी म्हटलं.

तिनं लॅपटॉप मिटला. विश्वजीतना यातलं काही कळत नाही. तुला काही सांगायचंय का, असं त्यांनी तिला विचारलं. ती नाही म्हणाली.

शांत मुलगी. दबावाखाली टिकत नाहीत अशा.

२८ एप्रिल
तिचा करार थांबवला. सामान फार नव्हतं, पाण्याची बाटली, चार्जर, कॅक्टसची एक छोटी कुंडी. जाण्याआधी माझ्या टेबलाशी आली. कुठल्या फाइलमध्ये काय आहे ते सगळं कागदावर लिहून दिलं, वीस मिनिटं समजावलं. तापमानाच्या फाइलपुढं तिनं दोन रेघा मारल्या आणि म्हणाली, ही आजच दुरुस्त करा, सर. एका शब्दाचं काम आहे. मग म्हणाली, फंक्शन्सचा धडा राहिलाय तुमचा.

मी तिला सांगितलं, आयुष्यात एखादा फटका बसतो, खचायचं नसतं. माझंच उदाहरण दिलं. मान हलवून ऐकलं तिनं.

३० एप्रिल
परीक्षा रद्द. उमेदवार मी एकटाच उरलो. प्रोग्रॅमिंग विभागात नेमणूक. विभागात सध्या मी आहे. खुर्ची एसीजवळ.

घरी पेढे नेले. हिनं डबा न उघडता फ्रीजमध्ये ठेवला.

६ मे
विश्वजीतना साधा बदल हवाय. मोटर बंद पडली की एकाऐवजी दोन मोबाईल नंबरांवर मेसेज जावा. दोन दिवसांत देतो म्हटलं.

८ मे
दोन दिवस म्हणजे कामाचे दोन दिवस.

१० मे
दोन नंबर एका व्हेरिएबलमध्ये बसत नाहीत. तरी बसवायचा प्रयत्न केला. चारशे एरर. त्यातल्या पुष्कळशा सारख्याच आहेत, म्हणजे खऱ्या अर्थानं कमी.

११ मे, रविवार
श्रेयाला मदतीला बसवलं. वडिलांच्या कामाची तिलाही ओळख व्हावी. मेसेजचं काम तिनं अर्ध्या तासात केलं. (कल्पना माझी.) मग ती इकडंतिकडं बघत तापमानाच्या फाइलमध्ये शिरली. हे आय-एट कुणी केलं, असं विचारलं. मी म्हटलं, जुनं आहे.

"बाबा, याच्यात प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, ते राहतं. हे बघा."

पडद्याच्या डाव्या बाजूला नावं होती. जवळजवळ सगळीकडं महेजबीन. त्या ओळीपुढं माझं नाव, आठ एप्रिल, दुपारी बाराची वेळ, आणि बचतीचं वाक्य.

मी विचारलं, नाव पुसता येतं का?

श्रेया उठली, चहा तसाच ठेवून आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं दारातून म्हणाली, निदान ते आजच्या आज दुरुस्त करा. हा प्रोग्रॅम अजून किती स्टार्टरमध्ये गेलाय?

बारा. बिडकीनच्या डीलरकडं. एप्रिलच्या शेवटी पाठवले.

१२ मे
विचार केला. दुरुस्ती केली तर त्या ओळीपुढं पुन्हा माझंच नाव येणार, आजच्या तारखेचं. मग कुणीही विचारेल की आधी काय चुकलं होतं. मुद्दाम लक्ष कशाला वेधायचं? उन्हाळा संपत आलाय. पाऊस पडला की मोटरी आपोआप थंड.

श्रेयाला सांगितलं, बघतोय. ती म्हणाली, आज करा. मी म्हटलं, ऑफिसच्या कामाच्या पद्धती असतात, कॉलेजसारखं नसतं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. परीक्षेचा ताण असेल.

१९ मे
बिडकीनच्या डीलरचा फोन. बन्सी नाव आहे, एरवी फार मर्यादेनं बोलतो. आज तसा बोलला नाही. तीन मोटरी जळाल्या. दोन शेतावरच्या, एक वस्तीच्या पिण्याच्या पाण्याची. बायका चार दिवस कॅन घेऊन दीड किलोमीटर चालताहेत म्हणे. त्यातल्या एकीला, पारूबाईंना, त्यानं फोन दिला. त्या म्हणाल्या, "साहेब, तुमच्या डब्यावर लिवलंय, मोटर गरम झाली, धीर धरावा. किती दिस धरायचा?"

म्हणजे संदेश दिसतोय. तो कधी दिसावा हे वेगळ्या फाइलमध्ये आहे. मराठी लोकांना कळतंय हे समाधान.

बन्सीला सांगितलं, यंदा ऊन असामान्य आहे.

२१ मे
पुण्याहून एक इंजिनिअर व्हिडिओवर आला. त्यानं स्वतःचा पडदा आमच्या मिटिंगरूमच्या भिंतीवर दाखवला. चार मिनिटं लागली. ती ओळ भिंतीवर हातभर मोठी झाली. त्यापुढं नाव.

विश्वजीतनी वाचलं. "मेमरीत बचत. ए. जी. निकम." मग विचारलं, हे तुम्हीच ना?

मी म्हटलं, आद्याक्षरं कुणाचीही असू शकतात.

"आपल्याकडं दुसरे कोण आहेत?"

कोणी नाही.

"मग त्या दिवशी मिटिंगमध्ये त्या मुलीचं नाव का घेतलंत?"

मी म्हटलं, भाग तिचाच होता, मी फक्त एक शब्द बदलला. पुण्याच्या माणसानं मान खाली घातली. हसत होता की काय ते दिसलं नाही.

विश्वजीत महेजबीनला फोन लावत होते. तिनं उचलला नाही.

२४ मे
पत्र मिळालं. ३१ मे शेवटचा दिवस. तेवीस वर्षांबद्दल आभाराचं एक वाक्य आहे. त्यात दोन व्याकरणाच्या चुका. मी असतो तर जाऊ दिलं नसतं.

ही सकाळी गंगापूरला गेली. बाबांची बाग बघून येते म्हणाली. बागेच्या मानानं बॅग मोठी होती. श्रेयाही तिच्याबरोबर गेली.

पण मार्ग आहे. तो बदल आम्ही दोघांनी मिळून, चर्चा करून केला होता, असं महेजबीननं दोन ओळींत मेलवर कळवलं तर सगळं बदलतं. तिचं काही बिघडत नाही, ती तशीही बाहेरच आहे. चांगली मुलगी आहे, नाही म्हणणार नाही. मजकूर मीच लिहून ठेवलाय. तिनं फक्त पाठवायचा. फोन उचलत नाही, म्हणून उद्या स्वतः जाणार.

२५ मे, रविवार
अकराच्या सुमारास शहागंजला पोचलो. दुकान लगेच सापडलं. लहान आहे. वर टायर-ट्यूबा टांगलेल्या, खाली तिचे वडील, शौकतभाई, एका चाकाच्या तारा घट्ट करत बसलेले. मी म्हटलं, महेजबीनच्या ऑफिसमधून आलोय. त्यांनी हात पुसले, मग माझ्यासाठी स्टूल पुसलं, शेजारी चहा सांगितला.

"ती तर हैदराबादला गेली, साहेब. बारा दिवस झाले. मोठी कंपनी आहे. तिथंपण हेच, मशीनच्या आतलं लिहायचं काम."

मी म्हटलं, छान झालं. तिचा तिकडचा नंबर मागणार होतो, पण चहा आला.

शौकतभाई माझ्या समोर पाटावर बसले. म्हणाले, "एक विचारू का? तुमच्यात एक निकम अंकल आहेत ना?"

मी म्हटलं, आहेत.

"पोरगी रोज घरी येऊन त्यांचं सांगायची. बिचारे वयानं मोठे, शिकायला बघतात, डोक्यात काय शिरत नाय. रोज्यात सुद्धा दुपारी त्यांना घेऊन बसायची. मी म्हटलं, बेटा, तेवढा वेळ डोकं टेकव, तोंड बघ तुझं किती उतरलंय. तर म्हणायची, अब्बू, त्यांना नाय आलं तर त्यांना काढून टाकतील."

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, त्यामुळं ते थोडे जवळ सरकले.

"मग त्यांच्याच हातून चूक झाली. कॉम्प्युटरमध्ये नाव राहतं म्हणे. हिनं मिटिंगमध्येच पाहिलं होतं. मी लई रागावलो. म्हटलं, तू बोलली का नाय? तर मला म्हणती, अब्बू, मेरेकू तो दूसरी मिल जाती, उनकू कौन देगा? त्यांची पोरगी अजून शिकती." त्यांनी मला चहा प्यायची खूण केली. "त्यांनी तिचंच नाव पुढं केलं, हे तिला लागलं. दोन दिवस जेवली नाय. पण तोंडातून त्यांच्याबद्दल वाकडा शब्द नाय काढला."

मी कप खाली ठेवला. खिशात ऑफिसचं पत्र होतं आणि तिच्यासाठी लिहिलेला मजकूर होता. दोन्हींची घडी एकत्र झाली होती.

"नोकरी राहिली ना त्यांची?" त्यांनी विचारलं.

"राहिली," मी म्हटलं.

"शुक्र आहे अल्लाचा. म्हणजे पोरीचं जाणं वाया नाय गेलं."

निघताना त्यांनी माझं नाव विचारलं. मी काळे सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तळव्याला ग्रीस होतं, ते माझ्या हाताला लागलं, त्याबद्दल त्यांनी माफी मागितली.

"काळे साहेब," ते म्हणाले, "त्या निकमांना जरा सांभाळून घ्या."

घेतो म्हटलं.